कंसमामांच्या निरोपाचा नारळ

आमच्या ऑफिसात एडिटरला एक्स्टेन्शन जोडलं की ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्वतः हजर होतं, आणि त्याला खुर्ची द्यावी लागते. यात डोळे मोठे करण्यासारखं काही नाही. एडिटर म्हणजे ज्यात आम्ही वेबसाइटचा कोड लिहितो तो प्रोग्रॅम, आणि एक्स्टेन्शन म्हणजे त्याला वरून लावायची सोय. मिक्सर एकच असतो, पण चटणीचं भांडं वेगळं आणि ज्यूसचं वेगळं, तसं. फरक इतकाच की भांडं फडताळात राहतं आणि एक्स्टेन्शन डबा घेऊन येतं.

ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत, भडंगाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. मालक भरतेश मगदूम. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान आहेत, पण मी त्यांना सर म्हणते आणि ते मला ताई म्हणतात, त्यामुळे हिशोब बरोबर होतो. मी हेमलता कुपवाडे. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या आणि मिरजेच्या तंबोरेवाल्यांच्या वेबसाइटी मी करते. स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांना दुसरी कामं नसतात.

एक्स्टेन्शनं एकेक करत जमत गेली. पहिल्यांदा मांडणीअण्णा आले. फाइल सेव्ह केली रे केली की वेड्यावाकड्या ओळी सरळ करणं हे त्यांचं काम. कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि कोड सरळ करून झाला की दाराबाहेरच्या चपला सरळ करायचे. मग टॅगच्या जुळ्या बहिणी आल्या. वेबसाइटच्या कोडात प्रत्येक टॅग एकदा उघडावा लागतो आणि एकदा मिटावा लागतो. उघडणारा बदलला की मिटणाराही बदलायचा, एवढं त्या बघायच्या. थोरलीनं साडी बदलली की धाकटी जिथं असेल तिथं जाऊन साडी बदलून यायची. एकदा धाकटी बँकेच्या रांगेत होती, तिचा नंबर गेला. बिचारीनं पुन्हा शेवटून रांग धरली.

आणि कंसमामा. हे नाव आम्हीच ठेवलं. पुराणातल्या मामाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, उलट माणूस इतका गरीब की चहात साखर विसरली तरी गोड मानून प्यायचा. कोडात कंसाच्या पोटात कंस असतो, त्याच्या पोटात आणखी एक, आणि कुठला कुठं मिटला हे आईबापालाही सांगता येत नाही. मामा प्रत्येक जोडीला एक रंग द्यायचे. पिवळ्याचा पिवळ्याशी, जांभळ्याचा जांभळ्याशी. माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते रंगांची पेटी मांडीवर घेऊन बसायचे.

त्यांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी मला लावली. "अगोदर मिटव, मग मधलं लिही," म्हणायचे. कंस उघडला की लगेच त्याचा जोडीदार टाकायचा, आणि मग मधे काय घालायचंय ते निवांत घालत बसायचं. मला हे इतकं अंगवळणी पडलं की मी घरातून निघताना अगोदर परतीची बस ठरवायला लागले. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायची आणि मग दूध ओतायचं कुठून ते शोधायची. काम संपलं की मी विचारायची, "मामा, झालं?" ते पडदा वरपासून खालपर्यंत बघून म्हणायचे, "झालं." मग मी उठायची. ते म्हटल्याशिवाय मला उठता यायचं नाही. सवय, दुसरं काय.

पुढं पुढचंराव आला. तरुण पोरगा, केस जेलनं उभे केलेले. तुम्ही चार अक्षरं लिहिली की पुढचं तोच लिहून द्यायचा. सरांचा जीव की प्राण. कामात बरा होता, खोटं कशाला बोला, पण बोलतानाही त्याला दम निघायचा नाही. मी "आज डब्यात" म्हटलं की हा "पोळी-भाजी आहे," म्हणणार. डब्यात थालीपीठ असायचं. मग ते थालीपीठ मला जाता जात नसे.

तर अशी एकेक खुर्ची वाढत गेली आणि ऑफिस जड झालं. सकाळी एडिटर उघडायला टाकून मी खाली जाऊन भडंगाचा पुडा घेऊन, दुकानदाराच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारून वर यायची, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. तक्रार सगळ्यांचीच होती. म्हणून सर पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि तिथून एक विचार घेऊन आले. सर पुण्याहून रिकाम्या हातानं आले तर मला जास्त आवडतं.

"ताई," ते म्हणाले, "ज्याला काम नाही त्याला खुर्ची नाही. नियम म्हणजे नियम."

"काम नाही असं कोण आहे?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "मामा."

मी काही बोलायच्या आत त्यांनी एडिटरची नवी आवृत्ती उघडून दाखवली. खरंच होतं. नव्या एडिटरला कंस रंगवायला स्वतःलाच येत होतं. पिवळ्याचा पिवळ्याशी, जांभळ्याचा जांभळ्याशी, अगदी मामांसारखेच रंग. मामा पेटी मांडीवर घेऊन शेजारीच बसले होते. त्यांनी पडदा नीट बघितला आणि म्हणाले, "जांभळा जरा गडद आहे. पण बरोबर आहे."

आता काढणं म्हणजे काय ते सांगते. काढलेलं एक्स्टेन्शन परत दिसत नाही. दिवाळीच्या आधी सरांनी एकाला काढलं होतं. वेबसाइटच्या पानाची नक्कल करून ते कसं दिसेल हे दाखवणारा होता, हसरा, कोपऱ्यात बसायचा. बटण दाबलं तेव्हा तो हात धुवायला गेला होता. बेसिनचा नळ आम्ही नंतर बंद केला. त्याचा डबा अजून फ्रिजमध्ये आहे आणि तो टाकायला कोणी तयार होत नाही. त्यामुळं सरांनी मामांसाठी शनिवारची दुपार ठरवली तेव्हा त्यांचं काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही.

"सर, खुर्ची प्लॅस्टिकची आहे," मी म्हटलं. "गच्चीवर टाकते. पावसात बसतील ते. पण काढू नका."

"ताई, एकाला सोडलं तर सगळे मागतील. निरोप मात्र झोकात देऊ. शाल, नारळ, सगळं."

आमच्याकडं माणसाला घालवायचं ठरलं की अगोदर नारळ आणतात. मी त्या आठवड्यात कोणाशी धड बोलले नाही. रागात हळदवाल्याच्या वेबसाइटवर भाव उलटे टाकले आणि त्याचे तीन फोन येऊन गेले. मामा मात्र नेहमीसारखे आले, रंग दिले, सहाला उठले. निघताना "येतो" म्हणायचे, मी "या" म्हणायची. जातो म्हणायची पद्धत आपल्यात नाही.  शुक्रवारी मी तशीच बसून राहिले आणि "या" म्हटलंच नाही. ते दारात थोडे थांबले आणि गेले.

शनिवारी टेबलं भिंतीला लावली. मांडणीअण्णांनी खुर्च्या अशा ओळीत मांडल्या की दोरी लावून बघावं. जुळ्या एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून आल्या. सरांनी मामांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि भाषणाला उभे राहिले.

"मामांच्या जाण्यानं," सर म्हणाले.

"कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे," पुढचंराव म्हणाला.

"अरे, तसं नाही. मामांनी आपल्याला,"

"पोरकं केलं. ईश्वर मृतात्म्यास,"

"गप रे मेल्या!" मी ओरडले. अण्णांनी त्याला धरून खाली बसवलं. त्याचा तरी काय दोष म्हणा. जाण्यानं या शब्दापुढं लोक जे लिहितात तेच त्याला ठाऊक.

मग मामांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. मामा उठले, शाल सावरली आणि म्हणाले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. सर्वांचा आभारी आहे."

सरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"थांबा सर," मी म्हटलं. "त्यांनी आत्ता फक्त मिटवलंय. मधलं यायचंय."

मामांनी मान हलवली. "मधलं थोडंच आहे. मी गेल्यावर कंसांची काळजी नाही, एडिटरला जमतंय. पण ही हेमा आहे. हिचं लग्न मोडलं त्या वर्षी हिला वाक्य अर्धं सोडायची सवय लागली. बोलता बोलता थांबते आणि खिडकीकडं बघत बसते. मग बराच वेळ जातो. तिला मधेच पुढचं सांगू नका. जरा थांबायचं. ती वाक्य पुरं करते. आजवर एकही उघडं राहिलेलं नाही." एवढं बोलून ते बसले. शेवट अगोदरच झाला असल्यामुळं पुढं काय करायचं ते कोणाला कळेना.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, भरदुपारी, नाक लाल होईपर्यंत. थोरली जुळी रुमाल घेऊन आली, तिच्यामागून धाकटी तसाच रुमाल घेऊन आली, आणि मी दोन्ही वापरले.

सरांनी घसा साफ केला आणि लॅपटॉप पुढं ओढला. माणूस वाईट नाही, पण ठरवलेलं करून मोकळं व्हायची त्यांना घाई असते. त्यांनी मामांच्या नावावर जाऊन 'काढा' दाबलं. मी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तर मामा नारळ घेऊन बसलेले होते आणि सर पडद्याकडं बघत होते. पडद्यावर लिहिलं होतं: हे एक्स्टेन्शन काढता येत नाही. याच्यावर दुसरं एक्स्टेन्शन अवलंबून आहे.

"कोण आहे?" सरांनी सगळ्यांकडं बघितलं. "हात वर करा की."

कोणी हात वर केला नाही. मग सरांनी एकेकाला उभं करून रीतसर विचारलं. अण्णा म्हणाले, "मी कोणावरही अवलंबून नाही. मला रेष सरळ मिळाली की बास." जुळ्या म्हणाल्या, "आम्ही एकमेकींवर आहोत. तिसऱ्याला जागा नाही." पुढचंरावाला विचारलं तर त्याला प्रश्न पुरा होईतो धीर निघाला नाही. "तू मामांवर" म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "जीव ओवाळून टाकतो." अवलंबून आहेस का, असं पुन्हा सावकाश विचारल्यावर नाही म्हणाला.

"तपशील बघा," असं एक बटण खाली होतं. सरांनी ते दाबलं आणि लॅपटॉप हळूच माझ्याकडं वळवला. तिथं एकच नाव होतं. हेमलता कुपवाडे.

"ताई," सर म्हणाले, "तुम्ही एक्स्टेन्शन कधीपासून आहात?"

"मी कसली एक्स्टेन्शन? माझं आधार कार्ड आहे. मावशी आहे मिरजेला."

"तेच म्हणतोय. मग ही नोंद चुकीची. एक्स्टेन्शनवर फक्त एक्स्टेन्शनच अवलंबून असू शकतं, असा नियमच आहे." त्यांनी पडदा खाली सरकवला. "इथं दोनच मार्ग आहेत. एक, 'संबंध तोडा' हे बटण तुम्ही स्वतः दाबायचं. म्हणजे तुम्ही माणूस राहाल आणि मामांना काढता येईल. दुसरा, 'नोंद मान्य आहे' म्हणायचं. म्हणजे मामा राहतील, पण तुमची बदली एक्स्टेन्शनांच्या यादीत होईल."

"त्या यादीतून परत येता येतं का?"

सरांनी पडदा वर-खाली करून बघितला. "तसं बटण दिसत नाही. आणि ताई, यादीतल्याला काढतात, हे लक्षात घ्या. माणसाला निदान महिन्याची नोटीस असते."

बेसिनच्या नळाकडं माझं लक्ष गेलं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू?  माझी खुर्ची फिरती होती, हात टेकायला होते, मी ती भांडून मिळवली होती. मी मामांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही, काही सुचवलं नाही. नारळ मांडीवर धरून ते नुसते थांबले होते. पुढचंराव तोंड उघडायला लागला तसा अण्णांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सर," मी म्हटलं, "हे जे अवलंबून म्हणतात ना, ते..." आणि मी खिडकीकडं बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी पापड वाळत घालत होतं. एक एक पापड, सावकाश. कोणी मला घाई केली नाही. सर घड्याळ बघणार होते, पण थोरलीनं त्यांचा हात धरला आणि धाकटीनं दुसरा.

"...ते खरं आहे," मी म्हटलं, आणि 'नोंद मान्य आहे' दाबलं.

त्यानंतरची कामं पटापट झाली. राहणाऱ्याला निरोपाचा नारळ देता येत नाही, म्हणून तो परत घेतला. पण एकदा दिलेला नारळ घरी तरी कसा न्यायचा, म्हणून तिथंच फोडला आणि खालून भडंग आणून सगळ्यांनी खोबऱ्याबरोबर खाल्लं. शाल मात्र मामांनी ठेवली. एसीची हवा त्यांच्या अंगावरच यायची.

सोमवारी माझी फिरती खुर्ची सरांच्या केबिनबाहेर पाहुण्यांसाठी गेली आणि मला मामांच्या शेजारी प्लॅस्टिकची आली. पाठ सुरुवातीला दुखली. एडिटरच्या यादीत माझ्या नावापुढं माहिती आली: हळद व तंतुवाद्यांच्या वेबसाइटी करते, अधूनमधून चिडते. अण्णांनी चार तारे दिले. पाचवा का नाही विचारलं तर म्हणाले, चपला वाकड्या काढता. मावशीला फोनवर सांगितलं की मी आता एक्स्टेन्शन झाले. ती म्हणाली, जेवणाची सुट्टी तरी तेवढीच आहे ना? मी म्हटलं, आहे. मग ठीक, म्हणाली.

असे काही महिने गेले आणि पुढचंरावाची नवी आवृत्ती आली. केस तेच, पण आता तो चार अक्षरांवर थांबत नव्हता. व्यापाऱ्याचं नाव सांगितलं की अख्खी वेबसाइट लिहून मोकळा. हळदीची लिहिली, तंबोऱ्याची लिहिली. भाव सुलटे होते. मी वरपासून खालपर्यंत बघितली. "रंग जरा भडक आहे," मी म्हटलं. "पण बरोबर आहे."

सरांनी केबिनमधून हाक मारली. मी गेले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळं विषय काय ते सांगायची गरज पडली नाही. टेबलावर शाल आणि नारळ आणून ठेवलेले होते.

"ताई, नियम म्हणजे," ते म्हणाले.

"नियम," मी म्हटलं. "दाबा सर. मामांना तेवढं आत बोलवा."

मामा आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी अगोदरच आभार मानून टाकले, मधलं काही सुचलं तर नंतर बघू म्हणून. सरांनी लॅपटॉप उघडला, माझ्या नावावर आले.  त्यांनी 'काढा' दाबलं. मी मामांचा हात घट्ट धरून डोळे मिटले.

बाहेर अण्णा चपला सरळ करत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज येतच राहिला. मी डोळे उघडले.

पडद्यावर लिहिलं होतं: हे एक्स्टेन्शन काढता येत नाही. याच्यावर दुसरं एक्स्टेन्शन अवलंबून आहे. खाली 'तपशील बघा' असं बटण होतं.

सर त्या बटणाकडं बघत राहिले. मी मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली. "मी नाही," ते म्हणाले. "मी कोणावर नसतो."

"बघायचं नाही का सर?" मी विचारलं.

सरांनी आपल्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. कातडी खुर्ची आहे, मागं रेलता येतं, सरांच्या वडिलांनी उद्घाटनाला दिलेली. त्यांनी ती एकदा डावीकडं फिरवली, एकदा उजवीकडं. मग लॅपटॉप मिटून टाकला.

"नको," ते म्हणाले. "मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठ धरते." आणि जरा वेळानं, लॅपटॉपकडं न बघता, "ताई, तो नारळ फोडा. भडंग मी सांगतो."

नारळ मामांनी फोडला. दोन्ही वाट्या सारख्या आल्या. सरांनी खोबरं बाहेर आमच्यात येऊन खाल्लं, उभ्यानंच. पुढचंराव काही बोलायला लागला तर त्यांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, "ताईंना बोलू दे आधी." मी काही बोलणार नव्हते, तरी सगळे थांबले.

सहा वाजले. मी पडदा मामांकडं वळवला. "मामा, झालं?"

"झालं," मामा म्हणाले. त्यांनी रंगांची पेटी मिटली, शाल घडी करून पिशवीत घातली आणि दारात चपला घातल्या.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं.